पॉझिटिव्ह घराला किराणा द्यायचा का?

(हे पत्र आणि त्याचे उत्तर २०२१ च्या उन्हाळ्यातले, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतले. त्यातले सरकारी नियम, योजना आणि सूचना त्या वेळच्या.)

ताई, नमस्कार.

तालुक्याच्या गावी बाजारपेठेला लागून आमचे किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी चालवतो. मागच्या खोल्यांत घर. आई ६८ वर्षांची, जुना मधुमेह. बायको, दोन मुले, आणि दुकानात हाताखाली १९ वर्षांचा एक मुलगा. सध्या सकाळी ७ ते ११ एवढीच दुकान उघडायची परवानगी आहे, त्यामुळे दिवसभराची गर्दी चार तासांत अंगावर येते. आमच्या आळीतल्या एका घरात तिघे कोरोना पॉझिटिव्ह निघाले. त्या घराशी आमचा वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा. पण 'त्यांना सामान दिलेत तर आम्ही तुमच्याकडे येणार नाही' असे चार-पाच गिऱ्हाइकांनी तोंडावर सांगितले. दुसरीकडे उधारीची वही फुगत चालली आहे. रोजंदारीवाले, रिक्षावाले, चहाच्या टपरीवाला, कुणाकुणाला नाही म्हणू? आणि ठोक व्यापारी मात्र आता रोख मोजल्याशिवाय माल सोडत नाही. आई लस घ्यायला तयार नाही. घर सांभाळू की गाव, हेच समजेनासे झाले आहे.

– एक दुकानदार

ता. क. शेजारचे नोटांना इस्त्री करतात. आम्हीही करावी का?

•

भाऊ,

ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे, तोच तुमच्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. त्या घराला सामान द्या. उद्यावर टाकू नका.

हिशेब मांडून दाखवते. त्या घरात आजार आहे हे तुम्हालाच काय, साऱ्या आळीला ठाऊक आहे. ती माणसे दार लावून आत बसली आहेत. यादी फोनवर येणार, तुम्ही पिशवी ओट्यावर ठेवणार, हाक मारणार, आणि ते दार उघडेपर्यंत तुम्ही गल्लीच्या टोकाला पोचलेले असणार. पैसे फोनवरून, नाहीतर वहीत. या व्यवहारात त्यांचा श्वास आणि तुमचा श्वास एका जागी येतच नाही. आता सकाळी साडेआठचे तुमचे काउंटर डोळ्यांपुढे आणा. मास्क हनुवटीवर, कोपर फळीवर, आणि 'तूरडाळ काय भाव लावली?' अशी विचारणा. त्या माणसाला काही झालेले नाही. निदान त्याला तसे वाटते. हा विषाणू लक्षणे दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून पसरायला लागतो आणि कित्येकांना लक्षणे येतच नाहीत. तुमच्या घराला धोका आहे तो या धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडून, आणि तो नेमका कोण हे तुम्हाला कळायला काहीच मार्ग नाही.

हे सगळे त्या चार-पाच जणांना ऐकवायला जाऊ नका, फुकट भांडण होईल. एवढेच विचारा, की त्या घरातले तेल संपले आणि त्यांच्यातलाच एक जण पिशवी घेऊन बाजारात आला, तर चालेल का तुम्हाला? घरपोच मिळाले तर ते घरात राहतील. बहुतेकांना हे पटते. एखाददुसरा तरीही रुसून समोरच्या दुकानात जाईल. जाऊ द्या. तिथे उधारी मिळत नाही हे कळले की परत येईल.

यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आजार झाला हे सांगणे माणसाला महाग पडायला लागले, की तो सांगत नाही. पुण्यात १८९७ च्या प्लेगात सोजिरांनी घरझडत्या घेतल्या, रोगी दिसला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले. त्याचा परिणाम असा झाला, की लोक आपली आजारी माणसे लपवायला लागले. आणि गेल्या वर्षीची धारावी आठवा. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा, अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखो माणसे, एका खोलीत आठ-दहा जण, शौचालये सार्वजनिक, आता इथे काय होणार म्हणून सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. घरात वेगळे राहा असे सांगण्यात तिथे काही अर्थच नव्हता. पालिकेने शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय केली, तिथे दोन वेळचे जेवण दिले, गल्लीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन दारोदार तपासणी केली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. पोटाची सोय झाली म्हणूनच माणसे विलगीकरणाला तयार झाली, असे मला वाटते.

तुमच्या आळीत ही सोय करणारे तुम्ही आहात. त्या घराला सामान मिळते आहे हे बाकीची घरे बघत असतात. उद्या आपल्याकडे कुणाला ताप आला तर सांगायचे की दाबून ठेवायचे, हे ती त्यावरूनच ठरवणार.

हाच नियम दुकानातल्या मुलालाही लागू. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण माझी नजर तिथेच अडकली. तुमच्या घराबाहेरचा, रोज चार तास तुमच्या शेजारी उभा राहणारा हा एकमेव माणूस. त्याला आज संध्याकाळी बसवून स्पष्ट सांगा: ताप, घसा, अंगदुखी, वास न येणे, यातले काहीही झाले तर दुकानात यायचे नाही, फोन करायचा, पगार कापला जाणार नाही. शेवटचे वाक्य दोनदा सांगा. खाडा पडला की पैसे जाणार हे माहीत असलेला मुलगा तापाची गोळी खाऊन कामावर येतो, आणि दोष त्याला देता येत नाही. आणि त्याला लक्षणे असताना झटपट होणारी अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, तर तेवढ्यावर थांबू नका. जास्त खात्रीची आरटीपीसीआर चाचणी करून घ्या.

आता दुकानाकडे येते.

चार तासांची खिडकी हा सरकारी आदेश आहे, त्यावर तुमचा-माझा इलाज नाही. पण त्याच आदेशात घरपोच सेवेला सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत मुभा आहे, हे बऱ्याच दुकानदारांनी वाचलेलेच नाही. तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वेगळा हुकूम काढला असेल तर तो आधी बघा, काही जिल्ह्यांत नियम अधिक कडक आहेत. मुभा असेल तर निम्मे गिऱ्हाईक यादीवर वळवा. व्हॉट्सॲपवर, फोनवर, नाहीतर दाराशी ठेवलेल्या डब्यात चिठ्ठी. दुपारी शटर खाली असताना सामान काढायचे, चार वाजता सायकलवर पोचवायचे. म्हाताऱ्या माणसांची नावे या यादीत सगळ्यात वर घाला, ते सांगणार नाहीत, तुम्हीच विचारा. मोबाइल नसलेली आजी सकाळी येणारच, तिला रांगेत उभे न करता आधी मोकळे करा.

उरलेल्या गर्दीला दुकानात घ्यायचे नाही. तुमच्या तोंडून आणि नाकातून निघणारे बारीक कण विडीच्या धुरासारखे हवेत तरंगतात. अंगणात धूर पांगतो, बंद खोलीत कोंडतो. म्हणून गिऱ्हाईक पायरीच्या खाली, उघड्यावर, दोरी बांधून. वर ताडपत्री लावली असेल तर उन्हापुरती राहू द्या, बाजू बांधून घेऊ नका. आणि तो प्लास्टिकचा पडदा! प्रत्येक दुकानात बघते आहे. शटरच्या वरपासून काउंटरपर्यंत जाड प्लास्टिक, मध्ये हात जाईल एवढे भोक. समोरून उडणारी थुंकी त्याने अडते हे खरे, पण दुकानाची हवा खेळायची एकमेव वाटही तीच असते. आत तुम्ही आणि तो मुलगा चार तास एकमेकांचा श्वास घेत उभे. शिवाय पडद्यातून ऐकू येत नाही म्हणून गिऱ्हाईक मास्क खाली ओढून ओरडते. काढून टाका तो. त्यापेक्षा मागचे दार उघडे ठेवा, टेबलफॅन मागच्या बाजूला ठेवून वारा तुमच्या पाठीकडून रस्त्याकडे जाईल असा लावा. मागचे दार घरात उघडत असेल तर मात्र मधली खोली ओलांडून परसापर्यंत हवा मोकळी हवी, म्हणजे दुकानातली हवा आईच्या खोलीत साचणार नाही. तेवढी जागा नीट बघून घ्या.

मास्क. तुम्हा दोघांना एन-९५, झडप नसलेला. रुमाल, उपरणे, पातळ कापडाचा मास्क चार तासांच्या काउंटरला पुरत नाही. रोज नवा परवडणार नाही हे माहीत आहे. प्रत्येकी पाच घ्या, पाच कागदी पिशव्यांवर वारांची नावे घाला आणि आळीपाळीने वापरा. पिशव्यांची तुमच्याकडे वाण नाही. एन-९५ धुवायचा नाही आणि त्याच्यावर दुसरा मास्कही चढवायचा नाही. मिळालाच नाही तर निळा सर्जिकल आतून आणि कापडी वरून, दोन्ही घट्ट. आणि फोन आला की मास्क खाली घ्यायची जी सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती सोडा. समोरच्याला ऐकू येत नसेल तर तो पुन्हा विचारेल.

दोन सवयी खास तुमच्या धंद्यातल्या. बोटाला थुंकी लावून नोटा मोजणे, आणि पातळ पिशवी तोंडाने फुंकून उघडणे. दुसरी कुणाच्या लक्षातच येत नाही. दिवसभर मास्क लावून बसलेला माणूस पिशवी उघडताना तेवढ्यापुरता खाली घेतो, फुंकतो, त्यात साखर भरतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो. गल्ल्यावर ओला स्पंज ठेवा, दोन्ही कामे होतील. बाकी पोत्यांवर फवारे मारणे, दुधाच्या पिशव्या साबणाने घासणे यात वेळ घालवू नका. वस्तूंना हात लावून हा आजार होण्याची शक्यता फारच कमी आहे, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. काम झाले की हात साबणाने धुतले, पुरे.

आईबद्दल तुम्ही लस एवढाच मुद्दा लिहिलात. त्याआधीचे बोलते. घरात आजार शिरला तर तो बहुतेक तुमच्यासोबत शिरणार. मास्क आपण जेवताना काढतो. म्हणून काही महिने आईच्या ताटाला ताट लावून बसू नका. तुम्ही मागच्या अंगणात, ती आत. रात्रीची मालिका सगळे मिळून बघत असाल तर त्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या, आणि तुम्ही दाराशी. डास येतात म्हणून खिडक्या बंद असतील तर जाळी लावून घ्या, पावसाळ्याआधी तशीही लागेलच. मधुमेहाच्या गोळ्या दीड-दोन महिन्यांच्या आणून ठेवा, आणि साखर तपासलेली नसेल तर तपासा. कोरोना झाला तर साखर आटोक्यात असलेला आणि नसलेला, या दोघांच्या आजारपणात फार फरक पडतो.

लसीची भीती बहुधा दोन गोष्टींतून येते. कुणाला तरी घेतल्यावर ताप आला, आणि कुणाला तरी घेऊनही कोरोना झाला. ताप, अंगदुखी एक-दोन दिवस येते, हे तिला आधीच सांगा, लपवू नका. दुसऱ्या भीतीचे उत्तर असे, की पहिल्या डोसनंतर शरीराची तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या मधल्या दिवसांत लागण झाली तर लोक लसीला बोल लावतात. मधुमेह आहे म्हणून लस नको, असे तिला कुणी सांगितले असेल तर ते उलटे आहे. मधुमेह आहे म्हणूनच हवी. पण हे तुम्ही सांगून ती ऐकणार नाही. मुलाचे कोण ऐकते? जे डॉक्टर तिच्या साखरेच्या गोळ्या लिहून देतात त्यांना फोन लावून तिच्या हातात द्या. तिने हो म्हटले की जेवण आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच केंद्रावर न्या, नंबर लावून बाहेर झाडाखाली बसवा. सध्या लशींचा तुटवडा आहे आणि केंद्रांवरची झुंबड हीच लागण व्हायची जागा झाली आहे. तुम्ही स्वतः ४५ च्या पुढे असाल तर तुमचाही नंबर त्याच दिवशी लावा. तुम्ही दिवसाला शंभर माणसांना तोंड देता.

आता वही.

आज रात्री बायकोला घेऊन बसा आणि एकच आकडा काढा. किती रक्कम कायमची बुडाली तरी दुकान उभे राहील? तेवढीच तुमची उधारीची मर्यादा. तिच्या आत मोकळ्या मनाने द्या, वसुलीचा विचार करू नका. तिच्या बाहेर नाही म्हणा, आणि नाही म्हटल्याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण दुकान बंद पडले तर त्या साऱ्या घरांचा आधार जाईल. हे कठोर वाटेल, पण भावनेच्या भरात सगळ्यांना देत सुटलेले आणि मग कोणालाच काही देता न येणारे दुकानदार मी गेल्या उन्हाळ्यात पाहिले आहेत.

मर्यादा ठरली की ती कुणासाठी वापरायची ते बघू. राज्य सरकारने अन्नसुरक्षेच्या रेशनकार्डावर माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ महिनाभरासाठी मोफत जाहीर केले आहेत. केंद्राचे मे आणि जूनचे माणशी ५ किलो वेगळे. म्हणजे ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांना तुमच्याकडून धान्य लागत नाही. त्यांना लागते ते रेशनवर न मिळणारे: डाळ, तेल, मीठ-मिरची, चहा-साखर, साबण. त्यांच्या नावावर एवढेच लिहा. पूर्ण किराणा उधार द्या तो कार्ड नसलेल्यांना. परगावाहून आलेला बांधकामावरचा मजूर, भाड्याच्या खोलीतला टपरीवाला, ज्यांचे नाव इथल्या कुठल्याच यादीत नाही. खरी उपासमार तिथे होते. तंबाखूच्या पुड्या आणि वेफर्स उधारीवर नाहीत, हे सगळ्यांना सारखेच. आणि सॅनिटरी पॅड यादीत तुम्हीच घाला, म्हणजे बायकोला घालायला सांगा. उधारीवर मागायला कुठलीही बाई तुमच्यापुढे तोंड उघडणार नाही.

नोंदणी असलेले बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या नोंदणीकृत बायका, परवानाधारक रिक्षावाले आणि अधिकृत फेरीवाले यांना सरकारने दीड हजार रुपये जाहीर केलेत. तुमच्या वहीतल्या रिक्षावाल्याला विचारा, त्याला हे माहीत आहे का. बँकखाते आणि आधारची जुळणी राहिली म्हणून पैसे अडकलेले असतात, आणि ती पाच मिनिटांची खटपट कुणी समजावून सांगितलेली नसते. शिवभोजन थाळीही १५ एप्रिलपासून मोफत आहे, तुमच्या तालुक्यात केंद्र असेल तर एकट्यादुकट्या माणसाला तिकडे पाठवा.

ज्यांचा पगार एक तारखेला खात्यात पडतो असे शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकर तुमच्या गिऱ्हाइकांत असणारच. 'काही मदत लागली तर सांगा हं' असे म्हणून ते पिशवी उचलतात. या वेळी सांगा. त्यांच्याकडून हजार-पाचशे घ्या, वहीच्या शेवटच्या पानावर जमा करा, आणि मर्यादेबाहेरची उधारी त्यातून वळती करा. कुणाचे पैसे कुणाला गेले हे दोघांनाही कळू देऊ नका. हिशेब मात्र लेखी ठेवा, मागेल त्याला रक्कम दाखवा, नावे नाही. किटचे वाटप करतानाचे फोटो काढणारी मंडळी तुमच्याकडेही येतील. माल विका त्यांना, रोखीने. फोटोत उभे राहू नका.

ठोक व्यापाऱ्याशीही बोलता येईल. तो सगळ्यांनाच रोख मागतो आहे कारण त्याचेही पैसे अडकलेत. पण तुम्ही आणि समोरचा दुकानदार मिळून एकच मोठी खरेदी केलीत, तर भावात आणि गाडीभाड्यात सूट मागता येईल. तुमच्या दोघांचे जमत नसेलही. तरीही जा त्याच्याकडे, कारण दुसरेही एक कारण आहे. उद्या तुम्हाला स्वतःला ताप आला तर दुकान बंद करावे लागेल. केंद्राच्या २८ एप्रिल २०२१ च्या सूचनांप्रमाणे सौम्य आजारात लक्षणे सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस, आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नसलेले, एवढे घरात वेगळे राहायचे आहे. ते दहा दिवस तुमच्या यादीवरच्या म्हाताऱ्यांना आणि त्या बंद घरांना सामान कोण पोचवणार? त्याच्याशी आत्ताच ठरवून ठेवा: मी पडलो तर माझी घरे तू बघ, तू पडलास तर तुझी मी.

शेवटचे काम, जे सामानाइतकेच उपयोगी आहे. तुमच्या पायरीशी लोक डाळीसोबत सल्लाही मागतात. अमक्याच्या छातीच्या स्कॅनचा स्कोअर किती आला, तमक्याला रेमडेसिव्हिरचे इंजेक्शन मिळाले का, कुठल्या काढ्याने बरे वाटले. तुम्ही औषध सांगू नका. रेमडेसिव्हिर घरी घ्यायचे औषध नाही आणि त्याच्या काळ्या बाजारात लोकांनी दागिने विकलेत. स्टेरॉइडही तसेच. ज्यांना ऑक्सिजनची गरज पडते त्यांचे प्राण त्याने वाचतात, हे गेल्या वर्षी इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसले, पण ज्यांना ती गरज नाही त्यांना फायदा दिसला नाही. पहिल्या दोन दिवसांत शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आणलेल्या गोळ्यांनी मधुमेह असलेल्यांची साखर भडकते. तुम्ही एवढेच करा: वहीच्या शेवटच्या पानावरच्या जमेतून बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे एक-दोन ऑक्सिमीटर घ्या, आणि ज्या घरात आजार आहे तिथे सामानाच्या पिशवीतून पाठवा. बरोबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. बोटाची मेंदी, नेलपॉलिश काढायची, पाच मिनिटे शांत बसायचे, आकडा स्थिर झाला की लिहायचा, दिवसातून तीन-चार वेळा. ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना फोन, १०८ ला फोन. आकडा बरा असला तर सहा मिनिटे घरातच चालायचे, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे, सोबत कुणीतरी असताना. चालल्यावर आकडा ३ किंवा जास्त उतरला, किंवा ९३ च्या खाली गेला, तरीही फोन. आधीच दम लागत असेल तर चालायचे नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसांत विशेष लक्ष, कारण ताप उतरला, बरे वाटले, आणि मग दम लागला, असे या आजारात होते. घरातला रुग्ण इस्पितळातल्या खाटेची वाट बघत असेल तर त्याला पोटावर झोपवा, एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नाही, गरोदर बाईला नाही, मोठा हृदयविकार असलेल्याला नाही. मशीन परत आले की सॅनिटायझरच्या कापसाने पुसून पुढच्या घरी.

पायरीशेजारच्या फळ्यावर भाव लिहिता ना? त्याखाली १०८, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि तालुक्याच्या कोविड सेंटरचा नंबर लिहा. आधी स्वतः लावून बघा, लागतो का ते. अर्धे नंबर लागत नाहीत.

राहता राहिली इस्त्री. करू नका, नोटा जळतील. गल्ल्यात पैसे घेताना नाका-तोंडाला हात लावायचा नाही, अकरा वाजता शटर ओढले की साबणाने हात धुवायचे आणि मगच चहा घ्यायचा. सुट्ट्या पैशांची अडचण असेल तर बाकी वहीत लिहून ठेवा, दहाच्या बदल्यात चॉकलेट देऊ नका.